सर्पगंधेचं चूर्ण, रेसर्पिनची गोळी आणि रिकामं होत जाणारं गोदाम

‘बीपीच्या गोळ्या आयुष्यभर कशाला गिळताय? सर्पगंधेचं चूर्ण घ्या. नैसर्गिक आहे, काही अपाय नाही.’ अशा अर्थाचा मेसेज अधूनमधून कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडतो. खाली कुणी हात जोडल्याचं चित्र टाकतं, कुणी ‘सगळं थोतांड’ म्हणून मोकळं होतं. घाई दोघांचीही होते. सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे थोतांड नाही, ते जगाला पटवून दिलं मुंबईच्या एका डॉक्टरांनी. ‘काही अपाय नाही’ हे मात्र साफ खोटं आहे. आणि खरी गोम अशी की तो गुण आणि तो अपाय, दोन्ही एकाच कामातून येतात. ते काम करणाऱ्या द्रव्याचं नाव रेसर्पिन.

## दिल्ली, कलकत्ता, मुंबई

सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वापरात आहे: सर्पदंशावर, झोपेसाठी, आणि मनाचा तोल गेलेल्या माणसाला शांत करायला. बिहारकडे तर त्याला ‘पागल की दवा’च म्हणत. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी या मुळातून काही द्रव्यं शुद्ध स्वरूपात वेगळी केली. त्यातल्या एकाला कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्यांनी अजमलिन म्हटलं. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी मानसिक आजार आणि वाढलेला रक्तदाब, दोन्हींवर हे मूळ उपयोगी पडतं असं प्रसिद्ध केलं. भारताबाहेर त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही.

ती घेतली गेली १९४९ मध्ये. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन काय झालं ते ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं. त्या काळी रक्तदाबावर धड औषधच नव्हतं. मीठ तोडा, विश्रांती घ्या, नाहीतर शस्त्रक्रिया करून काही चेतातंतू कापा, एवढेच पर्याय. त्यामुळे हा लेख वाचला गेला. अमेरिकेत बोस्टनला रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधा वापरून पाहिली, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासल इथल्या सीबा कंपनीच्या म्युलर, श्लिट्लर आणि बाइन या तिघांनी मुळातलं रेसर्पिन वेगळं काढलं. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये वैद्यकातला मानाचा अमेरिकी लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईतल्या वैद्यकाबद्दल बोलताना त्यांचं नाव जेवढं निघायला हवं तेवढं निघत नाही, असं माझं मत आहे.

## मुळात असतं तरी काय?

सर्पगंधा हे गुडघ्याएवढं, फार तर कमरेएवढं झुडूप. कण्हेर, चाफा, सदाफुली, सातवीण यांच्याच कुळातलं. पांढरट-गुलाबी फुलांचे झुबके, त्यांचे तांबडे देठ, आणि पिकली की जांभळट काळी होणारी बारीक फळं. औषधाला लागतं ते मूळ. वाळलेला तुकडा हातात घेतला तर वरून भुरकट, सुरकुतलेला, वाकडातिकडा. मोडला तर आत फिकट पांढुरका. वास जवळजवळ नाही. जिभेला लावा, म्हणजे कडूपणा बराच वेळ हटत नाही.

तो कडूपणा अल्कलॉइडांचा. वनस्पती तयार करतात अशी नायट्रोजन असलेली, बहुधा कडू आणि थोड्या मात्रेतही प्राण्यांच्या शरीरावर ठळक परिणाम करणारी द्रव्यं म्हणजे अल्कलॉइडं. चहा-कॉफीतलं कॅफिन, तंबाखूतलं निकोटिन, अफूतलं मॉर्फिन, हिवतापावरचं क्विनाइन ही सगळी त्यातलीच. सर्पगंधेत अशी पन्नासाहून जास्त अल्कलॉइडं सापडली आहेत आणि त्यांचा साठा मुख्यतः मुळाच्या सालीत असतो. झाडाच्या दृष्टीनं हा बंदोबस्त आहे: किडीनं, गुरानं मूळ खाऊ नये म्हणून केलेला.

रेसर्पिन हे ‘इंडोल’ गटातलं अल्कलॉइड. इंडोल म्हणजे सहा अणूंचं एक कडं आणि त्याला एका बाजूनं जोडलेलं पाच अणूंचं दुसरं कडं, ज्यात एक नायट्रोजन असतो. हा सांगाडा आपल्याला परका नाही. डाळी-दुधातल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्यात हाच सांगाडा आहे. आपलं शरीर ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन हे चेतातंतूंतलं निरोप्या द्रव्य बनवतं, म्हणजे तेही इंडोलच. सर्पगंधाही सुरुवात ट्रिप्टोफॅनपासूनच करते, पण त्याला सेकोलोगॅनिन नावाचा दुसरा रेणू जोडून पुढे कडी वाढवत नेते आणि शेवटी रेसर्पिनपर्यंत पोचते.

यावरून कुणाला वाटेल की रेसर्पिन सेरोटोनिनचं सोंग घेऊन काम करत असणार. तसं ते करत नाही.

## एका हायड्रोजनची दिशा

रेसर्पिनच्या एका रेणूत ३३ कार्बन, ४० हायड्रोजन, २ नायट्रोजन आणि ९ ऑक्सिजन. पाच कडी एकमेकांना जोडलेली, आणि शेवटच्या कड्याला एका एस्टर बंधानं लटकवलेलं आणखी एक सुटं कडं. एस्टर म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांना जोडणारा बंध. असे दोन एस्टर या रेणूत आहेत आणि तेच त्याचे दुबळे सांधे. अल्कलीत उकळलं की ते तुटतात. आपलं शरीरही रेसर्पिनचा निकाल मुख्यतः असाच लावतं, आणि त्या तुकड्यांत मूळ रेणूचा जोर उरत नाही.

शुद्ध रेसर्पिन ही पांढरी किंवा किंचित पिवळट स्फटिकांची पूड. पाण्यात ती जवळजवळ विरघळत नाही, क्लोरोफॉर्ममध्ये सहज विरघळते. म्हणजे रेणूचा कल तेलकट पदार्थांकडे. हे लक्षात असू द्या, मेंदूकडे गेलो की लागेल.

उजेडाशी तिचं वैर आहे. कोरडी पूड हळूहळू काळवंडते, पण द्रावण फार लवकर बिघडतं. काचेच्या बाटलीत केलेलं द्रावण उजेडात ठेवून दिलं तर ते पिवळं पडत जातं आणि अतिनील दिव्याखाली धरलं की हिरवट-पिवळं चमकू लागतं. दिसायला सुंदर, पण ती चमक रेसर्पिनची नव्हे, ऑक्सिजननं हायड्रोजन ओढून नेल्यावर उरलेल्या डिहायड्रोरेसर्पिनची. औषध बिघडल्याची ती खूण. म्हणून रेसर्पिन हवाबंद आणि उजेड न शिरणाऱ्या बाटलीत ठेवतात. चूर्णाची पारदर्शक बरणी दुकानाच्या काचेत उन्हाला मांडलेली दिसली की मला ही बाटली आठवते.

दुसरा धोका आणखी बारीक. रेणूतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर एक हायड्रोजन असतो. तो कड्यांच्या सपाटीच्या एका बाजूला असेल तर ते रेसर्पिन, विरुद्ध बाजूला गेला तर आयसोरेसर्पिन. अणू तेवढेच, वजन तेवढंच, पण औषधी गुण गेला. आम्लात हा पालट आपसूक होऊ शकतो, कारण आयसोरेसर्पिनमध्ये रेणू जास्त आरामात बसतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये प्रयोगशाळेत रेसर्पिन बनवलं, तेव्हा त्यांच्याही हाती शेवटी नको तोच, आरामात बसलेला प्रकार आला होता. त्यांनी रेणूची दोन टोकं एकमेकांना बांधून त्याला असा वाकवला की आता उलट बाजूचा हायड्रोजनच जास्त सोयीचा ठरावा, मग तापवला. हायड्रोजन पाहिजे तिकडे वळला. रसायनशास्त्रात मला आवडणाऱ्या युक्त्यांत ही फार वरची आहे.

## गोदामातला हमाल

आता मुख्य काम. मेंदूकडून रक्तवाहिन्यांना ‘आवळा’ म्हणून हुकूम जातो तो चेतातंतूंतून. तंतूचं टोक रक्तवाहिनीजवळ नॉरअ‍ॅड्रिनलिन नावाचं द्रव्य सोडतं आणि वाहिनी आवळते. ते हुकूम आल्यावर आयत्या वेळी बनवून भागत नाही. तंतूच्या टोकात इवल्या पिशव्या असतात, त्यांत ते भरून ठेवलेलं असतं. सेरोटोनिन आणि डोपामिन या दुसऱ्या निरोप्या द्रव्यांचीही साठवण अशीच.

मार्केट यार्डातलं धान्याचं गोदाम डोळ्यांसमोर आणा. माल आला की हमाल पोती उचलून आत रचतो. मागणी आली की आतली पोती बाहेर जातात. समजा, कुणीतरी हमालाला दारातच धरून ठेवलं. आधी रचलेला माल काही दिवस पुरेल. नवा माल मात्र अंगणात पडून राहील आणि तिथंच खराब होईल. गोदामाला कुणी हात लावलेला नाही, माल यायचाही थांबलेला नाही, तरी आठवडाभरात गोदाम रिकामं.

रेसर्पिन हेच करतं. पिशवीच्या भिंतीत व्हीमॅट नावाचं प्रथिन असतं, तो हा हमाल. रेसर्पिन त्याला पकडतं. बाहेर राहिलेलं नॉरअ‍ॅड्रिनलिन पेशीतलं एक विकर (एन्झाइम) तोडून टाकतं. साठा संपत जातो. मेंदूचा हुकूम येतच असतो, पण सोडायला काही उरत नाही. रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो.

आज सर्रास दिल्या जाणाऱ्या अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन या गोळ्यांचा या गोदामाशी संबंध नाही. त्या पुढे, रक्तवाहिनीच्या पातळीवर काम करतात.

## लागू पडायला उशीर, उतरायलाही उशीर

रेसर्पिनची पकड फार घट्ट असते, इतकी की धरलेला हमाल जवळजवळ कामातून गेलाच. पेशीला नव्या पिशव्या बनवून त्या तंतूच्या टोकापर्यंत पाठवाव्या लागतात आणि त्याला दिवस, कधी आठवडे लागतात.

यातून तीन गोष्टी निघतात आणि मेसेज फिरवणाऱ्यांना त्या ठाऊक नसतात. पहिली: आज घेतलेल्या रेसर्पिनचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात, कारण जुना साठा आधी संपावा लागतो. म्हणून ‘चार दिवस घेतलं, बीपी तेवढंच’ म्हणून मात्रा दुप्पट करणं ही घातक चूक आहे. दुसरी: गोळी किंवा चूर्ण बंद केलं तरी परिणाम लगेच जात नाही. आज बंद, उद्या ऑपरेशन, असं चालत नाही. तिसरी: रोजची थोडीशी जादा मात्राही साठत साठत मोठा परिणाम करते.

## रक्तदाबाचं औषध मेंदूत कसं शिरतं?

रेसर्पिनचा कल तेलकटाकडे आहे हे वर आलं. मेंदूभोवतीचा अडसर असे रेणू सहज ओलांडतात. मेंदूतही हमाल तोच, त्यामुळे तिथली गोदामंही रिकामी होतात. ‘पागल की दवा’ या नावामागचं कारण हेच. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलँड स्टेट रुग्णालयातले नेथन क्लाइन यांनी मानसिक रुग्णांवर रेसर्पिनचा उपयोग होतो असं दाखवलं आणि काही वर्षं ते या आजारांवरचं महत्त्वाचं औषध होतं.

पुढे १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की रेसर्पिननं मेंदूतलं सेरोटोनिन घटतं. तिथं काम करून स्वीडनला परतलेल्या आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे निपचित बसले, कान लोंबले. मग डोपामिन ज्याच्यापासून बनतं तो डोपा नावाचा पदार्थ टोचला, तर थोड्याच वेळात ससे पुन्हा हिंडू लागले. १९५७ च्या त्या प्रयोगातून डोपामिनचं महत्त्व कळत गेलं आणि पार्किन्सनच्या रुग्णांना आजही दिल्या जाणाऱ्या लेवोडोपाची वाट उघडली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. सर्पगंधेच्या मुळानं रक्तदाबाइतकंच मोठं काम इथं केलं आहे.

पण रुग्णाच्या बाजूनं पाहिलं तर हाच त्रास. सुस्ती, उदासी, कधी पार्किन्सनसारखा थरकाप आणि ताठरपणा. जुन्या काळी मात्रा मोठ्या असत आणि नैराश्याच्या, आत्महत्येच्याही नोंदी झाल्या. आजच्या कमी मात्रांवर हे कितपत घडतं, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, पण नैराश्य असलेल्या किंवा होऊन गेलेल्या माणसाला रेसर्पिन देत नाहीत. शिवाय चोंदलेलं नाक ही याची अगदी ठरलेली तक्रार: नाकातल्या रक्तवाहिन्याही सैलावतात आणि सर्दी नसताना नाक बंद होतं. पोटात आम्ल वाढतं, जुलाब होतात.

## ‘पण चूर्ण म्हणजे अख्खी वनस्पती, गोळीसारखं रसायन नव्हे’

चूर्णातलं रेसर्पिन आणि गोळीतलं रेसर्पिन यांत अणूचाही फरक नाही. फरक आहे तो मोजमापाचा, आणि तो गोळीच्या बाजूनं आहे.

हिशेब करू. रेसर्पिनची गोळी ०.१ किंवा ०.२५ मिलिग्रॅमची. वाळलेल्या मुळात रेसर्पिन ०.१५ टक्के आहे असं धरलं, तर १ ग्रॅम चूर्णात ते १.५ मिलिग्रॅम होतं. आता घरातल्या चमच्यानं ३ ग्रॅम चूर्ण घेतलं, तर ४.५ मिलिग्रॅम. मोठ्या गोळीच्या अठरा पट! प्रत्यक्षात हा आकडा कमी-जास्त होईल, कारण झाडाचं वय, जमीन, खणण्याचा हंगाम आणि साल किती आहे यावर रेसर्पिनचं प्रमाण बदलतं. आणि त्यातच तर अडचण आहे. या डब्यातला चमचा आणि पुढच्या डब्यातला चमचा एकसारखा नसतो. बाजारात सर्पगंधेच्या मुळात तिच्याच जातभाईंची मुळं मिसळलेलीही सापडतात.

‘अख्ख्या वनस्पतीत निसर्गच समतोल राखतो’ हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण वर आलेलं अजमलिन घ्या. ते हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर थेट परिणाम करतं, आणि युरोपात हृदयरोगतज्ज्ञ एका विशिष्ट आजाराच्या निदानासाठी ते देखरेखीखाली शिरेतून देतात. हे द्रव्य रेसर्पिनचे दोष झाकायला तिथं नाही. झाडानं ही सगळी मोट स्वतःच्या बचावासाठी बांधली आहे, आपल्या रक्तदाबाचा विचार करून नव्हे.

जाणकार वैद्य सर्पगंधा वापरतात ते तोलून, माणूस पाहून आणि त्याच्यावर लक्ष ठेवून. त्यांच्याशी माझा वाद नाही. वाद आहे तो फॉरवर्ड वाचून चमच्यानं घेण्याशी.

## ‘इतकं चांगलं होतं तर कंपन्यांनी दाबलं का?’

दाबलं नाही, मागे पडलं. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. काहींना रेसर्पिन आणि आणखी दोन औषधं, बाकीच्यांना औषध नसलेल्या दिखाऊ गोळ्या. दिखाऊ गोळ्यांच्या गटात पक्षाघात, हृदय निकामी होणं अशा २७ गंभीर घटना घडल्या, औषधाच्या गटात २. वाढलेल्या रक्तदाबावर उपचार केल्यानं माणसं वाचतात याचा हा पहिला भक्कम पुरावा, आणि त्यात रेसर्पिनचा वाटा होता.

नंतर मेंदूत न शिरता काम करणारी औषधं आली आणि डॉक्टरांचा कल तिकडे गेला. १९७४ मध्ये रेसर्पिननं स्तनाचा कर्करोग होतो अशी भीती निर्माण झाली, ती पुढच्या अभ्यासांत टिकली नाही, पण नाव खराब व्हायचं ते झालं. स्वस्त, पेटंट संपलेल्या औषधाची बाजू मांडायला कुणी पुढे येत नाही, हेही खरंच. तेवढ्यापुरता कंपन्यांवरचा राग मला मान्य आहे.

गोदामाची युक्ती मात्र टिकून आहे. टेट्राबेनाझिन त्याच हमालाला अडवतं, पण धरून बसत नाही, काही तासांनी सोडतं. हंटिंग्टनच्या आजारात हातपाय आपोआप हलतात, ते आवरायला ते देतात. आणि रेसर्पिनला प्रयोगशाळेत एक वेगळीच नोकरी मिळाली आहे. रेणूंचं वजन करणारं मास स्पेक्ट्रोमीटर यंत्र किती बारीक मात्रा ओळखतं, हे दाखवायला उत्पादक रेसर्पिनच वापरतात. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाइतकं रेसर्पिन टोचायचं आणि यंत्राला दिसतं का ते पाहायचं.

## घरात डबा असेलच तर

मनानं सुरू केलेलं चूर्ण चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा, ‘आयुर्वेदिक आहे, त्यात काय सांगायचं’ म्हणून गाळू नका. बीपीच्या चालू गोळ्या परस्पर बंद करून त्याजागी चूर्ण नको, आणि दोन्ही एकत्र तर मुळीच नको. नैराश्य, पोटातला अल्सर, पार्किन्सन यांपैकी काही असेल, किंवा हृदयासाठीचं डिगॉक्सिन हे औषध चालू असेल, तर सर्पगंधेच्या वाटेला जाऊ नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना शेवटचा चमचा कधी घेतला तेही सांगा, भले त्याला दोन आठवडे झाले असोत. भुलीत रक्तदाब अचानक घसरला तर तो सावरायला दिलेली काही औषधं त्या गोदामातल्या साठ्याच्या भरवशावरच काम करतात.